भाड्याच्या घरातला गिझर बिघडला, तर खर्च कुणाचा? पुण्यात पहिल्यांदाच भाड्यानं घर घेणाऱ्यांसाठी

लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आले आणि वारज्यात पहिलं भाड्याचं घर घेतलं. डिसेंबरातल्या एका सकाळी गिझरचं पाणी तापेना. मालकांना फोन केला, तर म्हणाले, "आम्ही दिला तेव्हा चांगला होता. वापरता तुम्ही, तर दुरुस्तही तुम्हीच करा." करारात गिझरबद्दल एकच ओळ होती: 'गिझर, १ नग'. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलायचे २,२०० रुपये मी भरले. घर सोडताना त्याच गिझरपोटी डिपॉझिटमधून आणखी ३,५०० कापले गेले, 'जुना झालाय, नवा बसवावा लागेल' म्हणून. माझ्याकडे बिल नव्हतं, फोटो नव्हता, लिहिलेलं काहीच नव्हतं. तेव्हा माझा पगार २२,००० होता.

त्यानंतर चार घरं बदलली. गेली तीन वर्षं वाकडमधला माझा स्वतःचा एक बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे, त्यामुळे आता फोन मला येतात. दोन्ही बाजूंनी हे भोगल्यावर माझं मत पक्कं झालंय. कोणत्याही वस्तूच्या दुरुस्तीचा खर्च ठरवताना आधी दोन प्रश्न विचारायचे: वस्तू कुणाची आहे, आणि ती कशानं बिघडली? मिळालेली उत्तरं किल्ली हातात घेण्याआधी कागदावर आणायची. नंतर भांडून ती मिळत नाहीत.

पायरी १ : घर बघताना सगळं चालवून बघा

एजंट घाईत असतो. 'अजून दोन पार्ट्या येणार आहेत' हे ऐकायला मिळेलच. तरी अर्धा तास मागून घ्या.

आत गेल्यागेल्या गिझर आणि एसी लावा, कारण त्यांना वेळ लागतो. तोवर फ्रिजच्या दाराच्या फटीत कागदाचा तुकडा ठेवून दार लावा आणि कागद ओढा. तो अलगद निघाला तर दाराचं रबर ढिलं झालेलं आहे. वॉशिंग मशीनचं सगळ्यात छोटं सायकल लावा आणि पाणी बाहेर पडतंय का, ते थांबून बघा. फोनचा चार्जर प्रत्येक सॉकेटला लावा. पंखे सगळ्या स्पीडवर फिरवा. चिमणी चालू करून जाळीला कागद लावा, तो चिकटून राहायला हवा.

मग वस्तूंची वयं बघा. बहुतेक उपकरणांच्या पाठीमागच्या स्टिकरवर बनल्याचं वर्ष असतं, फ्रिज-एसीच्या स्टार लेबलवरही वर्ष छापलेलं असतं. २०१३ चा गिझर आणि २०२३ चा गिझर करारात एकसारखेच 'गिझर, १ नग' असतात, पण त्यांच्या दुरुस्तीच्या गोष्टी फार वेगळ्या असतात.

पाणी कुठून येतं, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा. महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? वाघोली, हिंजवडी, वाकडच्या बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. क्षार जास्त असलेल्या पाण्यानं गिझरची कॉइल, वॉशिंग मशीनचा हीटर आणि आरओचा, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा, मेम्ब्रेन (क्षार गाळणारा पडदा) लवकर जातात. तुम्ही कितीही जपून वापरलंत तरी जातात. हे आधी माहीत असलं की पुढे 'तुमच्या वापरामुळे गेला' या वाक्याला उत्तर देता येतं.

पायरी २ : कोणत्या बिघाडाचा खर्च कुणी करावा

कराराच्या वेळी मालकांशी बोलताना मी ही वाटणी समोर ठेवते. वस्तू मालकाची असेल आणि वयानं, झिजेनं किंवा पाण्या-विजेच्या त्रासानं बिघडली, तर खर्च मालकाचा. निष्काळजीपणानं किंवा चुकीच्या वापरानं बिघडली, तर भाडेकरूचा. वापरता वापरता संपणाऱ्या गोष्टी, म्हणजे बल्ब, रिमोटचे सेल, आरओचे फिल्टर, नळाचे वॉशर, भाडेकरूनं आणायच्या. रोजची साफसफाईही त्याचीच. तुम्ही स्वतः आणलेल्या वस्तूची जबाबदारी अर्थातच सगळी तुमची.

कागदावर हे सोपं वाटतं, वस्तू समोर आली की गुंतागुंत सुरू होते. म्हणून एकेक घेते.

गिझरपासून सुरुवात करू, कारण पुण्यातले निम्मे वाद तिथूनच सुरू होतात, निदान माझ्या ओळखीतले तरी. टाकीच्या गिझरमध्ये कॉइल, थर्मोस्टॅट, दाब वाढल्यावर पाणी सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकी गंजू नये म्हणून तो रॉड स्वतः झिजतो. जड पाण्याच्या भागात वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढावे लागतात आणि रॉड बघावा लागतो. माझ्या मते हे सर्व्हिसिंग आणि सुटे भाग दोन्ही मालकाचे. भाडेकरू अकरा महिने राहणार, टाकीत आधीच्या पाच वर्षांचे क्षार साठलेले, आणि नवी कॉइल त्याच्या खिशातून, हे न्यायाला धरून नाही. पाणी नसताना गिझर चालू ठेवून कॉइल जाळली, तर मात्र भाडेकरूनं पैसे द्यावेत.

इथेच जिवाचा प्रश्न येतो. नळाच्या पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा गिझर लावताच मेन स्विच पडू लागला, तर खर्च कुणाचा हे नंतर बघा. गिझरचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा. घराचं अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नीट असणं ही पूर्णपणे मालकाची जबाबदारी आहे, त्यावर घासाघीस करू नका. बंद बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर दिसला, तर तो बाहेर मोकळ्या हवेत हलवून घेतल्याशिवाय त्या घरात राहायला जाऊ नका. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि अंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो. अशा बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. यात भिडेला पडू नका.

आरओ. फिल्टर तुम्ही बदला, पाणी तुम्हीच पिणार आहात. मेम्ब्रेन, पंप आणि अडॅप्टर मालकांनी बदलून द्यावेत. राहायला जाण्याआधी शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते विचारा, कारण महिनाभरात मेम्ब्रेन गेला तर तो आधीच्या माणसानं वापरून संपवलेला असतो. शिवाय आरओची गरज आहे का, हेही बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खडकवासल्याहून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. तिथे साधा यूव्ही प्युरिफायर पुरतो आणि मेम्ब्रेनचा वाद राहतच नाही.

एसीच्या जाळ्या दोन-तीन आठवड्यांनी धुणं भाडेकरूचं काम, पाच मिनिटांत होतं. वर्षाचं सर्व्हिसिंग भाडेकरूनं करून घ्यावं, कारण उन्हाळाभर तोच वापरतो. गॅस गळणं, कॉम्प्रेसर किंवा पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) जाणं हे मालकाकडे. स्वतःचा एसी बसवणार असाल तर भिंतीला भोक पाडण्याची आणि बाहेरचं युनिट टांगण्याची परवानगी मालकांकडून मेसेजवर लिहून घ्या, सोसायटीलाही विचारा. सोडताना भोक बुजवून रंग कोण देणार, तेही त्याच मेसेजमध्ये.

फ्रिजचा कॉम्प्रेसर, रिले, थर्मोस्टॅट, दाराचं रबर मालकाचं. पण एका दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फ साठला की लोक सुरीनं तो खरवडतात, पत्र्याला भोक पडतं आणि गॅस निघून जातो. मेकॅनिकला हे बघताक्षणी कळतं. हा खर्च सरळ भाडेकरूचा. रात्री फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, सकाळी बर्फ आपोआप निघतो.

बाकीचं भराभर. वॉशिंग मशीनच्या ड्रेन पंपात नाणं किंवा हेअरपिन अडकली तर भाडेकरू, बेल्ट, बेअरिंग, मोटर गेली तर मालक. चिमणीची तेलकट जाळी भाडेकरू, मोटर मालक. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं भाडेकरू, नवी बॅटरी मालक. पंख्याचा कपॅसिटर नियमानं मालकाचा, पण इतक्या किरकोळ कामासाठी फोन करून संबंध ताणू नका, बदलून घ्या. भिंतीतून गळती, जुनं वायरिंग, पाइप फुटणं हे मालकाचं. खालच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपत असेल तर सोसायटीच्या ऑफिसलाही त्याच दिवशी कळवा.

पायरी ३ : कायदा काय सांगतो, तेवढं माहीत असू द्या

कायद्यात फ्रिज-गिझरची यादी मिळेल या आशेनं मी एकदा बराच शोध घेतला. महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. मालकानं दुर्लक्ष केलं तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. कलम २९ नुसार पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत.

आता अडचण बघा. आज पुण्या-मुंबईत आपण बहुतेक सगळे 'भाडेकरू' म्हणवत असलो, तरी सही करतो ती लिव्ह अँड लायसन्स करारावर. त्यात आपण जागा वापरण्याचा परवाना घेणारे असतो. भाडेकरूचे सगळे हक्क परवानाधारकाला जसेच्या तसे मिळतात, असं धरून चालू नका. भाड्यातून परस्पर पैसे कापण्याच्या फंदात तर पडूच नका. तुमच्यासाठी करारात लिहिलेलं सगळ्यात महत्त्वाचं.

म्हणूनच कलम ५५ लक्षात ठेवा. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. 'नोटरी करून टाकू, खर्च वाचेल' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. नोंदणी आता ऑनलाइन होते.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्त्यांची वाटणी आहे: रंगरंगोटी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे, तर नळ, स्विच, सॉकेट, स्वयंपाकघरातली जोडणी आणि गिझरची दुरुस्तीसुद्धा भाडेकरूकडे. करारात वेगळं ठरवलं नसेल तर ही वाटणी लागू, असा तो मसुदा. एखादे मालक किंवा एजंट तो दाखवून 'बघा, सरकारच म्हणतंय' म्हणतील. शांतपणे सांगा, की महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा आहे आणि त्या मसुद्यातही करारात ठरेल तेच आधी. गिझरच्या बाबतीत त्या मसुद्याशी मी सहमत नाही, कारण वर लिहिलंच आहे.

पायरी ४ : करारात ही वाक्यं घाला

करार करून देणारा एजंट छापील मजकूर वापरतो. 'किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करावी' एवढंच त्यात असतं आणि किरकोळ म्हणजे किती, हे कुठेच नसतं. सही करण्याआधी मसुदा मागून घ्या आणि पुढचा मजकूर घालायला सांगा:

"परिशिष्टात नोंदवलेली उपकरणे मालकाच्या मालकीची असून करार सुरू होताना चालू स्थितीत आहेत. एका वेळी रु. १,००० पर्यंतची दुरुस्ती परवानाधारक करील. त्यापेक्षा जास्त खर्चाची दुरुस्ती मालक करील, मात्र बिघाड परवानाधारकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असल्यास तो खर्च परवानाधारक देईल. मालकास कळवल्यापासून ७ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास परवानाधारक ती करून घेईल आणि बिल दाखवून रक्कम पुढील मासिक शुल्कातून वळती करील. नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेपोटी अनामत रकमेतून कपात होणार नाही."

हजारची रेघ माझी आहे. भाडं ४०,००० असेल तर दोन हजार करा, खोली ७,००० ची असेल तर पाचशे. आकडा लिहिलेला असणं महत्त्वाचं. परिशिष्टात प्रत्येक वस्तूची कंपनी, मॉडेल, वर्ष आणि आधीपासूनची खोट लिहा: 'फ्रिज, २०१६, भाजीच्या ट्रेला तडा'.

मालक कबूल होत नाहीत, असं बरेच जण सांगतात. मालक म्हणून माझा अनुभव वेगळा आहे. असा मजकूर मागणारी मुलगी घर नीट ठेवेल, असाच विश्वास मला वाटला. आणि जे मालक एकही ओळ लिहायला तयार नसतात, ते डिसेंबरात फोन उचलतील का, याचा विचार तुम्हीच करा.

मालक अमेरिकेत किंवा दुबईत आणि किल्ली एजंटकडे, असे फ्लॅट पुण्यात भरपूर आहेत. अशा वेळी इथे दुरुस्तीला होकार कोण देणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर करारातच घ्या. एजंटचं काम बहुतेकदा दलाली मिळाली की संपतं.

पायरी ५ : किल्ली मिळेल त्या दिवशी

सामान आत आणण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा. वस्तू चालू असताना काढा: गिझरचा दिवा, एसीचा डिस्प्ले, मशीनचा फिरता ड्रम. वीज मीटरचा आकडा घ्या. हे सगळं त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खाली लिहा, 'आज घर ताब्यात घेतलं, स्थिती व्हिडिओप्रमाणे.' त्यांनी नुसतं 'ओके' पाठवलं तरी पुरे.

पायरी ६ : बिघाड झाला की

आधी साधी कारणं तपासा: एमसीबी, प्लग, पाण्याचा कॉक, रिमोटचे सेल. मग फोन करा, आणि फोनवर बोललेलं लगेच लिहूनही पाठवा. माझ्या आताच्या भाडेकरूनं मला पाठवलेला मेसेज मी जपून ठेवलाय, इतका तो नेमका होता. थोडा बदलून देते:

"ताई, नमस्कार. आज सकाळपासून गिझर तापत नाहीये. एमसीबी बघितला, चालू आहे. फोटो पाठवतोय. तुमच्या ओळखीचा मेकॅनिक असेल तर नंबर द्या, नाहीतर संध्याकाळी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवतो. तो खर्च किती सांगतो ते कळवतो, तुम्ही हो म्हणालात की काम करून घेतो."

यात तक्रार आहे, पण चढा आवाज नाही. काय झालं, काय तपासलं, पुढे काय करणार आणि पैशाचा निर्णय कुणाचा, हे सगळं चार ओळींत आलं. मालक वयस्कर काका-काकू असतील तर अशा मेसेजनं निम्मं काम होतं.

वस्तू वॉरंटीत असेल तर बाहेरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, आधी मालकांकडून बिल मागवा. मेकॅनिक येईल तेव्हा घरी थांबा, बिघाडाचं कारण बिलावर लिहून घ्या आणि बदललेला जुना भाग ठेवून घ्या. क्षारानं पांढरी झालेली कॉइल काही न बोलता सगळं सांगते. बिल मालकांच्या नावावर करून घ्या, म्हणजे पुढच्या वॉरंटीचा फायदा त्यांना मिळतो आणि पैसे देताना त्यांचीही कुरकुर कमी होते.

सात दिवस झाले, उत्तर नाही, असं झालं तर तारीख घालून ईमेल करा किंवा स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. करारात वळतं करण्याचं वाक्य असेल तरच भाड्यातून रक्कम कमी करा आणि ती करताना बिलाचा फोटो जोडा.

चूक तुमचीच असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये कबूल करा. मात्र जुन्या वस्तूसाठी नव्याची किंमत देऊ नका. समजा, वॉशिंग मशीन १८,००० ला घेतलेलं होतं, साधारण नऊ वर्षं चालावं असं धरलं आणि सहा वर्षं वापरून झालीत. मग उरलेली किंमत ६,००० च्या आसपास. दुरुस्ती त्याहून स्वस्त होत असेल तर दुरुस्तीचे पैसे, नाहीतर ते ६,०००. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की आवाज खाली येतात.

पायरी ७ : घर सोडताना

नोटीस दिल्यावर लगेच, शेवटच्या आठवड्याची वाट न बघता, मालकांना घर बघायला बोलवा. काय दुरुस्त करायचं ते त्यांनी तेव्हाच सांगितलं, तर तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून रास्त दरात होतं. मागून डिपॉझिटमधून कापताना दर मालकाचा असतो. फ्रिज, चिमणी, एसीच्या जाळ्या स्वतः साफ करा, 'क्लीनिंग चार्जेस' नावाची कपात तिथेच टळते. शेवटच्या दिवशी पुन्हा तसाच व्हिडिओ, वस्तू चालू असताना. कपात होणारच असेल तर वस्तूनिहाय आकडे आणि बिलं मागा. शक्य असेल तर डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्या. आधीच बोलून ठेवलं तर बरेच मालक तयार होतात.

गेल्या जानेवारीत माझ्याकडची एक भाडेकरू घर सोडून गेली. परिशिष्टाचा कागद घेऊन आम्ही दोघी पाऊण तास घरात फिरलो. मिक्सरच्या सॉकेटला तडा होता, त्याचे तिनं १५० रुपये दिले. एसीचा गॅस कमी झाला होता, तो मी भरून घेतला. मशीनचा बेल्ट ऑगस्टमध्ये बदलल्याची नोंद तिनं स्वतःच कागदावर केली होती. डिपॉझिट तिच्यासमोरच ट्रान्सफर केलं आणि तोच कागद, नव्या नोंदींसह, फेब्रुवारीत आलेल्या मुलाच्या कराराला जोडला.